टेकडीमागचा सरदार

सरदार टेकडीवर उभा करायचा नसतो. एवढी साधी गोष्ट आहे. टेकडीवर उभा केला की तो समोरच्या सगळ्या तोफांना दिसतो, आणि दिसला की मेला. ज्यांना सरदार उंचावर शोभून दिसायला हवा असतो त्यांनी चौकात पुतळा उभारावा, आमच्या टेबलाच्या वाटेला जाऊ नये.

मी हे शांतपणे सांगायचं ठरवलं होतं. जमेलसं दिसत नाही.

मी राजेश्वरी, साताऱ्याची. शिरवळच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करते आणि सुट्टीच्या दिवशी टेबलावर लढाया खेळते. मोठं टेबल, त्यावर थर्माकोल कापून केलेल्या टेकड्या, कापडावर रंगवलेली नदी, काटक्यांची झाडं, आणि दोन्ही बाजूंनी बोटाच्या पेराएवढे शिपाई, घोडेस्वार, तोफा. बुद्धिबळासारखी घरं नसतात. कोण किती चाललं ते टेपने मोजायचं. तोफेच्या तोंडापाशी डोळा नेऊन बघायचं की समोरचा तिथून दिसतो का. दिसला तरच त्याच्यावर फासे टाकायचे. पाच फेऱ्या झाल्या की टेबलावरच्या तीन गावांपैकी ज्याच्या ताब्यात जास्त गावं, तो जिंकला. "या वयात खेळणी?" असं मला विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यातले निम्मे स्वतः दिवसभर मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडत बसलेले असतात.

हा खेळ मला उदयसिंहदादांनी शिकवला. दादा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. फौजेत लढाई समजावून सांगायला वाळूत अख्खा मुलूख मांडतात, टेकड्या, ओढे, वाटा सगळं. तो मांडण्यात दादांचा हात धरणारा कोणी नव्हता म्हणे. गावी परतल्यावर आमच्या आळीतले दिवाळीचे किल्ले बघायला आले आणि त्यावरचे प्लास्टरचे मावळे बघून म्हणाले, "नुस्तं हुबं करून काय करताय रं? लढवा की!" तिथून आमचं मंडळ सुरू झालं.

दादांचा पहिला नियम होता, दुसऱ्याच्या शिपायाला हात लावायचा नाही. चुकून धक्का लागून काही हललंच, तर दोघांनी मिळून जागा आठवायची आणि परत तिथे ठेवायचं. मंडळात यावरून कधी भांडण झालं नाही. माझ्या सैन्याच्या पेटीला मी फक्त दादांना हात लावू द्यायची. कुठे बाहेर खेळायला गेलो की पेटी माझ्या हातातून घेऊन गाडीत नीट बसवून ठेवायचं काम त्यांचं.

आता सांगलीची गोष्ट.

सांगलीत दर वर्षी पौषात आमच्या खेळाचं दोन दिवसांचं संमेलन भरतं. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे मंगल कार्यालय मोकळं असतं. कार्यालयाचे मालक तिथले एक पुढारी आहेत. त्यांना सगळे साहेब म्हणतात, मीही साहेबच म्हणेन. ते हॉल फुकट देतात आणि त्याबद्दल आम्ही त्यांचं नाव फ्लेक्सवर आमच्या खेळाच्या नावापेक्षा मोठं छापतो. पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून लोक येतात. इथे जिंकणाऱ्याला एप्रिलमध्ये बंगळुरूच्या देशपातळीवरच्या स्पर्धेसाठी आमच्या चौघांच्या संघात जागा मिळते.

गेल्या वर्षी मी आणि इंद्रजित बरोबरीत आलो होतो. समिती बसली आणि इंद्रजितला पाठवायचं ठरलं. का, तर तीन पोरांबरोबर एकटी मुलगी एवढ्या लांब कशी धाडायची! मी चौतीस वर्षांची आहे. रात्रपाळी करून पहाटे हायवेवर एकटी उभी राहते, तेव्हा यातलं कोणी काळजी करायला येत नाही. आणि ही काळजी करताना मला विचारायचंही कोणाला सुचलं नाही. तेव्हाच मी दादांना म्हटलं होतं, "पुढल्या साली समिती नको. शेवटचा डाव जो जिंकंल त्यो जाईल." दादांनी शब्द दिला. म्हणजे या वर्षी माझं जाणं कोणाच्या मर्जीवर नव्हतं, फक्त टेबलावर होतं. मला एवढंच हवं होतं.

रविवारी दुपारी शेवटचा डाव लागला. पंच दादा, आणि माझ्यासमोर पुन्हा इंद्रजितच. वाळव्याकडचा, उसाच्या बागायतीतला, हसतमुख. तोफा मांडाव्यात तर त्यानेच. सरावाला साताऱ्यापर्यंत यायचा, आमच्या घरी जेवायचा. वाईट माणूस नाही, आणि याचीच मला जास्त चीड आहे.

तिसरी फेरी चालू होती. माझे घोडेस्वार ओढ्यातून त्याच्या बगलेपर्यंत पोचले होते. माझा सरदार टेकडीच्या मागे होता, एकाही तोफेला दिसणार नाही असा. तांबूस घोडा, त्यावर भगवा शेला सोडलेली छोटी मूर्ती. डोळे रंगवताना मी श्वास रोखून धरला होता. पुढच्या फेरीत तो वळसा घालून घोडेस्वारांना मिळाला असता आणि नदीकाठचं गाव माझं झालं असतं. सरदार मेला तर घोडेस्वार बुजतात, प्रत्येक हल्ल्याआधी त्यांच्या हिमतीचे फासे टाकावे लागतात, आणि निम्मे जागेवरून हलत नाहीत. सगळा डाव त्या एका घोड्यावर होता. इंद्रजितलाही ते कळलं होतं. तो घामाघूम झाला होता आणि मला मजा येत होती.

तेवढ्यात बाहेर तुतारी वाजली.

साहेब उद्घाटनाला आले होते. उद्घाटन शनिवारी सकाळी होतं. साहेब रविवारी दुपारी आले. येईनात का बापडे, आले तर भडंग खावं, चहा घ्यावा, डाव बघावा. पण नाही. निवेदकाने माईक धरला, "आता आदरणीय साहेबांच्या शुभहस्ते स्पर्धेची पहिली चाल!"

"तिसरी फेरी चालू हाय," मी म्हटलं.

"दोन मिन्टं ताई, फोटोपुरतं."

कोणीतरी नारळ घेऊन टेबलाच्या काठाशी आला. मी आणि इंद्रजित एकदमच ओरडलो, "हितं न्हाई!" नारळ फरशीवर फुटला, तरी पाणी आमच्या नदीपर्यंत उडालंच. इंद्रजितच्या एका तोफेला कुंकू लागलं. बुद्धिबळाच्या स्पर्धेत पाहुण्याने पहिलं प्यादं सरकवायचं आणि मग ते परत मागे घ्यायचं, अशी पद्धत आहे. ती या लोकांनी कुठेतरी बघितली होती. तिथे घरं असतात, प्यादं परत नेता येतं. आमच्याकडे दोन बोटं इकडेतिकडे झाली की माणूस मरतो, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगत होते. माईक माझ्याकडे नव्हता.

साहेब टेबलावरून नजर फिरवत आले आणि त्यांना माझा सरदार दिसला. टेकडीमागून त्यांनी तो चिमटीत उचलला.

"ह्यो कुनाचा? लय देखना हाय की! आनि आसा लपून बसलाय व्हय? सरदार मानूस उंचावर पायजे!" असं म्हणून त्यांनी तो टेकडीच्या माथ्यावर ठेवला. टाळ्या पडल्या. फोटो निघाले. साहेबांसाठी टेबलाशेजारी सोफा आणला गेला आणि ते "आता आमचा सरदार जिंकतोय का न्हाई बगू" म्हणून ऐसपैस बसले.

मी हात पुढे केला. "दादा, जागेवर ठेवते."

दादांनी सोफ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ऱ्हाऊ दे राजू."

"म्हंजे?"

"साहेबांनी ठिवलाय. त्यांच्यादेखत उचलायचं बरं दिसत न्हाई."

"आवं दादा, डाव हाय ह्यो! तुमचाच नियम हाय न्हवं?"

दादा खाली बघत हळू आवाजात म्हणाले, "नियम हाय, पर नेमका कुटं हुता ते दोगांनी सांगाय पायजे. इंद्रजित, तुला आठवतंय?"

हा प्रश्न दादांनी त्याला विचारला. टेबलावरची बारीक बारीक जागा डोक्यात ठेवणाऱ्या इंद्रजितला! दर डावात मला सांगणारा हा माणूस, "तुझा तिसरा स्वार मघाशी झाडाच्या डाव्या अंगाला हुता गं." त्याने टेपची पट्टी थोडी बाहेर काढली, परत आत सोडली.

"न्हाई दादा. नेमकं न्हाई सांगता यायचं."

मी त्याच्याकडे बघत राहिले, तो टेबलाकडे बघत राहिला. दादांनी डाव पुढे चालू करायची शिट्टी फुंकली. वीस वर्षं सीमेवर काढलेला माणूस, बर्फातून पायी फिरलेला, आणि एका कार्यालयाच्या मालकासमोर त्याची मान वर होईना. का, तर पुढच्या वर्षी हॉल मिळायला हवा. मला साहेबांचा राग आला होता, पण तो वरवरचा होता, त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. दादांचा राग पार पोटातून आला.

इंद्रजितने रीतीप्रमाणे तोफेच्या तोंडापाशी डोळा नेला. कशाला नेला कोण जाणे. तो सरदार रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही दिसला असता. "दिसतोय," तो म्हणाला, आणि फासे टाकले. तीन तोफांची सरबत्ती. सरदार पहिल्या फटक्यातच गेला.

"अरारा! पडला व्हय?" साहेब हसले आणि चहावाल्याला हाक मारली.

त्यानंतर मी खेळले, असं खेळले की आयुष्यात तसं खेळले नसेन. घोडेस्वार बुजले, मी पायदळ नदीतून घातलं. एक गाव घेतलं. दुसऱ्या गावाच्या वेशीशी माझे चार शिपाई शेवटच्या फेरीपर्यंत तग धरून होते. पण वेशीशी म्हणजे गावात नव्हे. इंद्रजितची दोन गावं, माझं एक.

बक्षीस समारंभ लगेच लागला, साहेबांना पुढे तासगावला जायचं होतं. इंद्रजितला मोठा कप, शाल, श्रीफळ. मला लहान कप, शाल, श्रीफळ. शाल माझ्या खांद्यावर घालता घालता साहेब माईकवर म्हणाले, "आमच्या भगिनीनं बी चांगली झुंज दिली. पुढल्या येळेला फकस्त आपला सरदार जरा जपून ठिवा म्हंजे झालं!"

हॉल हसला. दादाही हसले. अगदी पुसटसे, तोंडदेखले, पण हसले.

तोवर मी गप्प बसायचं ठरवलं होतं, खरंच. निवेदक म्हणाला, "ताई, दोन शब्द?" मी माईक घेतला.

"साहेब, एक फोटो पाहिजे. जरा इकडं येता?"

फोटो म्हटल्यावर साहेब उठलेच. मी त्यांना मंचावरून खाली आणलं, खुर्च्यांच्या मधून, पार मागच्या दाराशी, जिथे चपलांचा ढीग आणि खरकट्या ताटांच्या पाट्या होत्या तिथे. "हां, हितंच. वाः, लय शोभताय!" एक-दोघांनी सवयीने फोटोही काढले. मी मंचावर परत आले. साहेबही हसत हसत परत निघाले.

"साहेब, थांबा," मी माईकवर म्हटलं. "तिथून हलायचं न्हाई. एकदा ठेवलेलं परत उचलायचं न्हाई, आसा आज पंचांचा निकाल झालाय. मगाशी तुमी कुटं बसला हुता ते आता कुनाला नेमकं आठवत बी न्हाई."

मागे पुण्याच्या पोरांपैकी कोणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. साहेबांची माणसं उठून उभी राहिली. मला भीती वाटली का? वाटली. पण माईक सोडला नाही.

"दादा," मी म्हटलं, "पंच तुमी हाय. निकाल द्या. साहेबांनी तितंच ऱ्हायचं का जागेवर यायचं?"

दादा मंचाच्या कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. साहेब चपलांजवळ, मी माईकजवळ, आणि दोघांच्या मध्ये दादा. ते काहीतरी पुटपुटले.

"माईकवर सांगा."

त्यांनी माईक घेतला. "हललेलं परत जाग्यावर ठेवता येतं," ते म्हणाले. मग घसा खाकरून परत म्हणाले, "ठेवायलाच पायजे. मगाशी माझं चुकलं."

साहेब जागेवर आले नाहीत. "चालू द्या तुमचं. पुढच्या साली दुसरा हॉल बगा," म्हणाले, आणि चपला घालून चालते झाले. मागोमाग त्यांची माणसं, तुतारीवाला, आणि पळत पळत निवेदक. काही लोक माझ्याकडे येऊन बोलले, काही मुद्दाम आले नाहीत. अर्ध्या तासात हॉल रिकामा झाला. कामगार खुर्च्या एकावर एक चढवू लागले.

आमचं टेबल अजून तिथेच होतं. वरच्या टेकड्या गोळा करून कडेला ठेवलेल्या होत्या. इंद्रजित पेटी बंद करत होता, कप पिशवीत घातला होता.

"मांड," मी त्याला म्हटलं.

"काय?"

"तिसरी फेरी. साहेब यायच्या आदीचा डाव. पंचांनी निकाल दिलाय, ऐकलास न्हवं?"

"आगं, बक्षीस वाटून झालंय."

"शाल वाटलीय," दादा मागून म्हणाले. "डाव व्हायचाय. मांड रं."

इंद्रजितने दादांकडे पाहिलं, पेटी उघडली. मी टेकड्या ठेवल्या, नदी अंथरली, बाभळी उभ्या केल्या. माझे घोडेस्वार ओढ्यात ठेवले. तो त्याच्या तोफा ठेवत गेला, पायदळ ठेवत गेला. एकदाही थांबला नाही, एकदाही विचारलं नाही. कुंकू लागलेली तोफ अगदी तिच्याच जागी, तोंड तसंच किंचित डावीकडे. मी त्याचे हात बघत होते. सगळं मांडून झालं. फक्त माझा सरदार माझ्या मुठीत राहिला.

"कुटं हुता?" मी विचारलं. कोणाचं नाव घेऊन विचारलं नाही.

दोन बोटं एकदम पुढे आली. एक इंद्रजितचं, एक दादांचं. टेबलाला न टेकता, टेकडीच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या बाभळीच्या अलीकडे, दोन्ही बोटं एकाच जागेवर थांबली. मग दोघांनाही काय झालं ते कळलं आणि बोटं मागे गेली.

दुपारपासून मी स्वतःची समजूत घालत होते. गडबड होती, तुतारी, नारळ, माणसं, इंद्रजित खरंच गोंधळला असेल, दादांचं लक्ष नसेल. त्या आधारावर तर मी अजून त्या दोघांशी बोलत होते. आता तो आधारही गेला.

मी सरदार ठेवला, दोघांनी दाखवलेल्या जागी.

इंद्रजितने तोफेपाशी डोळा नेला. "दिसत न्हाई," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"दिसत न्हाई."

पुढच्या फेरीत सरदार वळसा घालून स्वारांना मिळाला. नदीकाठचं गाव पडलं, मग दुपारी ज्याच्या वेशीशी अडले होते तेही. पाचवी फेरी संपली तेव्हा इंद्रजितकडे एक गाव होतं आणि कामगारांनी आमच्या डोक्यावरचा एक सोडून सगळे पंखे बंद केले होते. दादांनी निकाल सांगितला. बंगळुरूला मी जाणार. इंद्रजितने कप पिशवीतून काढून टेबलावर ठेवला आणि हात पुढे केला. डावानंतर हात मिळवायचा अशी रीत आहे, म्हणून मी मिळवला. साताऱ्याला जेवायला ये, असं काही म्हटलं नाही.

बाहेर दादांची गाडी उभी होती. दर वेळेसारखं त्यांनी मागचं दार उघडलं, सीटवर घोंगडी सारखी केली आणि पेटीसाठी दोन्ही हात पुढे केले.

"ऱ्हाऊ द्या दादा," मी म्हटलं. "माझी मी धरते."

साताऱ्यापर्यंत ती पेटी माझ्या मांडीवरच होती.